विश्लेषण: ‘एवढा मोठा संग्रह, त्याचा बॅकअप कसा घेणार?’ गाण्यांचे साठे नेमके याच प्रश्नात का बुडतात?

२६ सप्टेंबर २०२५. दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. शेकडो सरकारी सेवा ठप्प झाल्या. त्यातल्या बऱ्याच नंतर सुरू झाल्या, पण एक गोष्ट परत आली नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवण्याची ‘जी-ड्राइव्ह’ नावाची यंत्रणा जळून गेली आणि तिच्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. का नव्हती? अधिकाऱ्यांनी दिलेलं कारण असं होतं की, साठा फार मोठा असल्यामुळे त्याचा बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता.

आता या बातमीचा आणि तुमच्या घरातल्या गाण्यांचा काय संबंध?

संबंध त्या कारणात आहे. ज्यांच्याकडे गाण्यांचा मोठा डिजिटल संग्रह आहे, त्यांना विचारून बघा. जुन्या सीडी संगणकावर उतरवून घेतलेल्या असतात, वडिलांच्या कॅसेट्स डिजिटल करणं सुरू असतं, कुणाकडून हार्ड डिस्क भरून आणलेली असते. बॅकअपचं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो, एवढं सगळं कुठे ठेवणार? आणि रोज भर पडतेच आहे. एकदा काम पूर्ण झालं की घेऊ.’ काम मात्र पूर्ण होत नाही आणि डिस्क त्याआधी बंद पडते.

साठा मोठा आहे आणि वाढतो आहे, ही बॅकअप न घेण्याची कारणं वाटतात. प्रत्यक्षात बॅकअपची गरज त्यामुळेच वाढते. हे कसं, आणि यातून वाट कशी काढायची, ते समजून घेऊ.

संग्रह आत्ताच का वाढताहेत?

यामागे दोन घडामोडी आहेत.

पहिली कॅसेटची. भारतात १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गाणं छापण्याची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने ‘कॅसेट कल्चर’ या १९९३च्या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल मांडला आहे. महाराष्ट्रातही कीर्तन, भारूड, भीमगीतं, लावणी, पोवाडे कॅसेटवर आले. शिवाय घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि लोक स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागले. गणेशोत्सवातलं गाणं, घरची बैठक, आजीच्या ओव्या, गुरुजींची तालीम असं बरंच काही फितीवर गेलं.

त्या चुंबकीय फिती आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्याहून गंभीर अडचण म्हणजे त्या वाजवणारी चांगली यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. युनेस्को आणि ध्वनी-दृश्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ यांनी काही वर्षांपूर्वी जगभरातल्या संस्थांना सावध केलं होतं की, फितींवरचा ठेवा साधारण २०२५पर्यंत डिजिटल करून घ्या, पुढे ते अवघड होत जाईल. ती वेळ आता येऊन ठेपली आहे. त्यामुळे माळ्यावरची खोकी खाली उतरताहेत.

दुसरी घडामोड स्ट्रीमिंगची. ‘सगळं ॲपवर आहे’ हा विश्वास गेल्या काही वर्षांत डळमळीत झाला. रेसो हे ॲप ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करण्याची घोषणा केली. मार्च २०२३मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांच्यातला करार फिसकटला आणि अनेक लोकप्रिय हिंदी गाणी ऐकणाऱ्यांच्या प्लेलिस्टमधून एका रात्रीत गायब झाली. गाणी तिथेच राहतील, असं कुणी कधी लिहून दिलेलंच नव्हतं.

पण ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी तर माझीच ना?

नाही. स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली गाणी त्या ॲपमध्येच वाजतात आणि ती टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. वर्गणी थांबली की ती वाजत नाहीत. ही गाणी भाड्याच्या घरातल्या फर्निचरसारखी असतात. राहता तोवर वापरायची, जाताना उचलून न्यायची नाहीत.

बरं, स्वतःच्या फायली कुणाच्या सर्व्हरवर चढवून ठेवल्या तर? त्याचीही उदाहरणं समोर आहेत. गुगल प्ले म्युझिकमध्ये स्वतःची ५०,००० गाणी ठेवता येत असत. ती सेवा २०२०च्या अखेरीस बंद झाली. गाणी यूट्यूब म्युझिकमध्ये हलवायला मुदत मिळाली आणि ती संपल्यावर, २०२१मध्ये, उरलेला डेटा पुसला गेला. ज्यांनी ईमेल वाचले त्यांचं निभावलं.

मायस्पेसच्या बाबतीत तर मुदतही मिळाली नाही. २००३ ते २०१५ या काळात तिथे जगभरातल्या हौशी आणि नवख्या कलाकारांनी आपली गाणी चढवली होती. सर्व्हर बदलताना त्यातला साठा गेल्याचं २०१९मध्ये समोर आलं. १ कोटी ४० लाख कलाकारांची ५ कोटींहून अधिक गाणी गेल्याचा अंदाज आहे. पुढे एका अभ्यासगटाने पूर्वी उतरवून ठेवलेली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी इंटरनेट अर्काइव्हवर आली. म्हणजे शंभरातलं जेमतेम एक गाणं परत मिळालं. आणि तेही मायस्पेसमुळे नाही, तर दुसऱ्या कुणाकडे तरी प्रत होती म्हणून.

मग जगातलं सगळंच संगीत धोक्यात आहे का?

नाही, आणि हा फरक समजला तर बॅकअपचं निम्मं ओझं हलकं होतं.

डिसेंबर २०२५मध्ये ‘ॲनाज अर्काइव्ह’ या गटाने स्पॉटिफायवरची सुमारे ८ कोटी ६० लाख गाणी उतरवून घेतल्याचा दावा केला. साठा सुमारे ३०० टेराबाइटचा असल्याचं त्यांनी सांगितलं. परवानगीशिवाय केलेला हा प्रकार म्हणजे कॉपीराइटचा सरळ भंग आहे. त्याचं समर्थन करण्याचं कारण नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते. लोकप्रिय गाण्यांच्या प्रती जगात ठिकठिकाणी आहेत. कंपनीकडे, वेगवेगळ्या ॲपवर, लोकांच्या सीडींवर आणि चाचेगिरी करणाऱ्यांकडेही. तुमच्या डिस्कवरून एखादं गाजलेलं चित्रपटगीत गेलं, तर तुमचा वेळ जाईल. गाणं जगातून जाणार नाही.

पण १९८७मध्ये तुमच्या गावच्या देवळात झालेलं कीर्तन, जे काकांनी पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलं, ते यातल्या कुठल्याच साठ्यात नसणार. त्याची एकच फीत आहे आणि आता एकच फाइल. ती गेली की कीर्तनकाराचा आवाज गेला.

म्हणून संग्रहाचा बॅकअप घेण्याआधी त्याचे तीन भाग करावेत:

- पुन्हा मिळेल असं: बाजारात किंवा ॲपवर सहज उपलब्ध असलेली गाणी.
- कष्टाने मिळेल असं: बंद पडलेल्या कंपन्यांच्या कॅसेट्स, जुन्या तबकड्या, परत न छापलेले अल्बम.
- पुन्हा मिळणारच नाही असं: घरी, कार्यक्रमात किंवा तालमीत स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण.

बहुतेक घरांत तिसरा भाग सगळ्यात लहान असतो, आणि काळजी मात्र त्याचीच सगळ्यात जास्त घ्यायला हवी. कोरियातला डेटा सरसकट एक ढीग म्हणून पाहिला की ‘८५८ टेराबाइट कुठे ठेवणार’ हा प्रश्न डोंगराएवढा होतो. त्यातलं परत न मिळणारं किती, हा प्रश्न विचारला की डोंगर लहान होतो.

आकड्यांत बघू: नेमकी किती जागा लागते?

चांगल्या प्रतीच्या, म्हणजे ३२० केबीपीएसच्या एमपी३ फाइलला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं होतं. सीडीवरून फ्लॅक स्वरूपात उतरवलं, म्हणजे आवाजाचा कुठलाही भाग न गाळता आकार कमी केला, तर तेच गाणं साधारण २५ ते ३० एमबी घेतं.

कॅसेट डिजिटल करताना ‘आयासा’ची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटची आहे आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झची. ९६ किलोहर्ट्‌झला एका तासाची वेव्ह फाइल सुमारे २ जीबीची होते.

आता एक घर कल्पून हिशोब मांडू. १५,००० गाणी फ्लॅकमध्ये, म्हणजे सुमारे ४०० जीबी. एकेका तासाच्या ४०० कॅसेट्स, म्हणजे ८०० जीबी. एकूण १.२ टेराबाइट. ऐकायला मोठं वाटतं, पण बाजारात साध्या मिळणाऱ्या २ टेराबाइटच्या डिस्कमध्ये हे सगळं बसतं.

क्लाउडवर चढवायचं म्हटलं तर अडचण जागेपेक्षा वेळेची आहे. चढवण्याचा वेग २० एमबीपीएस असेल, तर १.२ टेराबाइटला अखंड साडेपाच दिवस लागतील. मधे वीज गेली, राउटर बंद पडला, की माणूस नाद सोडतो. पण त्या ४०० कॅसेट्सपैकी घरी भरलेल्या ६०च असतील, तर त्या १२० जीबी होतात आणि त्याच वेगाने सुमारे साडेतेरा तासांत चढतात. रात्री झोपताना सुरू केलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपतं.

‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ यात फरक काय?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. सिंक म्हणजे आरसा. मूळ फोल्डरमध्ये जे बदलेल ते दुसरीकडेही बदलतं. एखादं गाणं चुकून पुसलं, तर आरशातूनही पुसलं जातं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर कुलूप लागलेल्या फायली दुसरीकडे पोचतात. ॲपल कंपनी स्वतः आपल्या मदत-पानांवर सांगते की, आयक्लाउडवरची म्युझिक लायब्ररी ही बॅकअप सेवा नाही, स्वतंत्र बॅकअप घ्या.

बॅकअपमध्ये कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अवस्था शाबूत राहते. तिथून मागे जाता येतं.

दोन डिस्क एकत्र जोडून दोन्हींवर एकाच वेळी लिहिणारी ‘रेड’ पद्धतही बॅकअप नव्हे. एक डिस्क बंद पडली तर काम न थांबता चालू राहावं, यासाठी ती आहे. पुसलेलं गाणं ती परत आणत नाही, आणि आग लागली तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत जळतात.

वाढत्या संग्रहाची वेगळी अडचण कोणती?

लग्नाचा अल्बम एकदा झाला की झाला. त्याच्या दोन प्रती काढा आणि विसरा. गाण्यांचा संग्रह तसा नसतो. तो रोज तीन प्रकारे बदलतो.

एक, भर पडते. आठवड्याला चार कॅसेट्स उतरवल्या, तर वर्षाला ४०० जीबीहून जास्त वाढ होते. सहा महिन्यांपूर्वीचा बॅकअप म्हणजे गेल्या सहा महिन्यांचं काम उघड्यावर. आणि जी कॅसेट नुकतीच उतरवली, तीच बहुधा सगळ्यात जीर्ण असते. ती पुन्हा वाजेल याची खात्री नाही.

दोन, जुन्या फायलीही बदलतात. गायकाचं नाव दुरुस्त केलं, रागाचं नाव घातलं, मुखपृष्ठाचं चित्र जोडलं, की आवाज तोच राहूनही फाइल बदलते आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर ती नव्याने कॉपी करतं. फोल्डरचं नाव ‘नाट्यसंगीत’वरून ‘नाट्यपदे’ केलं, तरी काही सॉफ्टवेअरना वाटतं की जुना फोल्डर पुसला आणि नवा आला. टॅग आपोआप भरणारी ॲप मराठी नावांत गोंधळ घालतात, तेव्हा हजारो फायली एका क्लिकमध्ये बिघडू शकतात. जुन्या आवृत्त्या राखणारा बॅकअप यासाठी लागतो.

तीन, नुकसान दिसत नाही. कपाटात वीस कॅसेट्स असतील तर एक गेलेली लगेच कळते. डिस्कवर एक लाख फायली असतील, तर त्यातल्या चाळीस नाहीशा झाल्या किंवा आतून खराब झाल्या, हे वर्षानुवर्षं कळत नाही. दरम्यान त्या खराब फायली बॅकअपवर जातात आणि चांगली प्रत पुसली जाते.

डिस्क खरंच इतक्या बेभरवशाच्या असतात?

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या लाखो हार्ड डिस्कची आकडेवारी दरवर्षी जाहीर करते. २०२४मध्ये वर्षभरात सरासरी १.५७ टक्के डिस्क बंद पडल्या. म्हणजे शंभरातल्या एक-दोन. त्याही वातानुकूलित खोलीत, सतत देखरेखीखाली असलेल्या. आपल्याकडचा उकाडा, दमट हवा, विजेचा लपंडाव आणि टेबलावरून पडणारी डिस्क त्यात धरलेली नाही.

न वापरता ठेवलेली डिस्कही सुरक्षित नसते. संगीत आणि चित्रपट कंपन्यांचे साठे सांभाळणाऱ्या आयर्न माउंटन कंपनीने २०२४मध्ये सांगितलं की, १९९०च्या दशकातल्या ज्या हार्ड डिस्क त्यांच्याकडे येतात, त्यातल्या जवळपास एक पंचमांश वाचताच येत नाहीत. आत नामवंत कलाकारांची मूळ ध्वनिमुद्रणं. डबा व्यवस्थित, लेबल नीट आणि डिस्क मुकी.

याचा अर्थ डिस्क ही तिजोरी नव्हे. साधारण पाच वर्षांनी नव्या डिस्कवर संग्रह हलवायचा, हे गृहीत धरूनच चालावं. नवी घेताना सध्याच्या साठ्याच्या दुप्पट क्षमतेची घ्यावी, म्हणजे वाढीला जागा राहते. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड गाणी इकडून तिकडे न्यायला ठीक, पण कायमच्या साठवणीला नकोत.

मग नेमकं करायचं काय?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम आजही सगळ्यात सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

घराबाहेरची प्रत ही चैन नाही. २००५मध्ये मुंबई, २०१९मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१मध्ये चिपळूण. पाणी घरात शिरतं तेव्हा संगणक आणि शेजारच्या कपाटातली बॅकअप डिस्क दोन्ही एकदमच भिजतात. चोरीतही दोन्ही एकाच पिशवीत जातात.

वर मांडलेल्या घरासाठी व्यवस्था अशी लावता येईल:

- पहिली प्रत: रोज ऐकायची आणि जिथे नवीन भर पडते ती डिस्क.
- दुसरी प्रत: घरातली बॅकअप डिस्क. आठवड्यातून एक दिवस ठरवून जोडायची, बॅकअप झाला की काढून ठेवायची. कायम जोडलेली राहिली, तर व्हायरस आणि विजेचा झटका तिलाही गाठतो.
- तिसरी प्रत: दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा मामांकडे ठेवलेली डिस्क. दिवाळीला आणि मे महिन्यात जाणं होतंच, तेव्हा अद्ययावत केलेली डिस्क द्यायची आणि तिथली परत आणायची.
- पुन्हा न मिळणारा भाग: वरच्या तिन्हींखेरीज क्लाउडवर.

मॅकवर ‘टाइम मशीन’ आणि विंडोजवर ‘फाइल हिस्टरी’ जुन्या आवृत्त्यांसह बॅकअप घेतात. फ्रीफाइलसिंक किंवा आरसिंकसारखी मोफत साधनं फक्त नव्या आणि बदललेल्या फायली उचलतात, त्यामुळे पहिल्या वेळेनंतर काम मिनिटांत होतं. मात्र त्यांच्यात ‘मूळ ठिकाणी पुसलेलं बॅकअपवरूनही पुसा’ हा पर्याय असतो. तो बंद ठेवावा, किंवा पुसलेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवण्याचा पर्याय निवडावा.

वाढत्या संग्रहासाठी आणखी एक साधी सवय उपयोगी पडते. नवीन काहीही आधी ‘आवक’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. ते दुसऱ्या डिस्कवर पोचल्याशिवाय मुख्य संग्रहात न्यायचं नाही. तोवर रेकॉर्डरमधली मूळ फाइलही पुसायची नाही. आणि कॅसेट तर उतरवल्यानंतरही टाकायची नाही. फीत ही सुद्धा एक प्रतच आहे.

बॅकअप घेतला, आता निश्चिंत?

अजून नाही. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या. गरज पडली तेव्हा त्यातली एकही नीट चालत नसल्याचं कंपनीने स्वतःच जाहीर केलं. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं.

घरच्या संग्रहासाठी तपासणी सोपी आहे. दर सहा महिन्यांनी बॅकअप डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडायची, वेगवेगळ्या फोल्डरमधली दहा गाणी काढायची आणि मधूनमधून वाजवून बघायची. फायलींची एकूण संख्या आणि आकार एका वहीत लिहून ठेवायचा. गेल्या वेळेपेक्षा आकडा कमी झाला, तर थांबून शोध घ्यायचा.

फ्लॅक स्वरूपाचा इथे मोठा फायदा आहे. प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाची ‘चेकसम’, म्हणजे आकड्यांतली ओळखखूण, साठवता येते आणि सहसा ती असतेच. फाइल आतून खराब झाली की तपासणीत ती खूण जुळत नाही. हजारो फायलींची अशी तपासणी संगणक रात्रभरात करतो, माणसाला ऐकत बसावं लागत नाही. एमपी३मध्ये पूर्ण फाइलसाठी अशी सोय नसते. म्हणून दुर्मीळ ध्वनिमुद्रण फ्लॅक किंवा वेव्हमध्ये जपावं आणि फोनवर ऐकायला हवी तर एमपी३ प्रत वेगळी काढावी.

कायदा काय सांगतो?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२मध्ये खासगी वापरासाठीचा रास्त वापर मान्य केलेला आहे. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची किंवा कॅसेटची स्वतःपुरती जपणुकीची प्रत या चौकटीत पाहिली जाते. तीच डिस्क भरून दहा जणांना वाटणं किंवा इंटरनेटवर चढवणं ही वेगळी गोष्ट आहे.

प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२५ रोजी त्या हक्कातून मोकळी झाली. पण गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे असतात. ते त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. त्यामुळे ‘जुनं आहे, टाकून देऊ नेटवर’ हे दरवेळी चालत नाही.

ज्यांनी चढवलं त्यांनाही त्रास झाला आहे. इंटरनेट अर्काइव्हने जुन्या तबकड्या डिजिटल करून खुल्या केल्या, त्यावर मोठ्या संगीत कंपन्यांनी २०२३मध्ये अमेरिकेत खटला भरला. तो सप्टेंबर २०२५मध्ये तडजोडीने मिटला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४मध्ये, सायबर हल्ल्यामुळे ते संकेतस्थळ काही दिवस बंद होतं. अशा संस्थांचं काम मोलाचं आहे, पण तिथे आहे म्हणून आपली प्रत नको, असं म्हणता येत नाही.

फायली वाचल्या, पण त्या कुणाच्या?

हा भाग बहुतेक लोक विसरतात. ‘ट्रॅक ०१’, ‘साइड बी’, ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ अशा नावांच्या फायली शंभर वर्षं टिकल्या, तरी त्यांचा उपयोग काय?

महाराष्ट्रातच याचं उत्तम उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही हजारांचं ध्वनिमुद्रण झालं. ‘पारी’ म्हणजेच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया २०१७पासून हा ठेवा लोकांसमोर आणत आहे. आज तो ऐकताना कळतं की ही ओवी कुठल्या गावची, कुणी म्हटली, कशाबद्दल आहे. कारण गोळा करतानाच ती नोंद झाली होती. आवाजाइतकंच त्या नोंदीचं मोल आहे.

घरच्या संग्रहातही तेच करता येतं. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवायची. त्यात कोण गातंय, साथीला कोण, कुठे, कोणत्या साली आणि कुणी भरून घेतलं, एवढं लिहायचं. कॅसेटच्या कागदी कव्हरचा फोटो काढून सोबत ठेवायचा. प्लेलिस्ट आणि पसंतीच्या खुणा बऱ्याच ॲपमध्ये गाण्यांपासून वेगळ्या साठवलेल्या असतात. बॅकअपमध्ये तो लायब्ररीचा फोल्डरही घ्यायचा.

ही माहिती सध्या बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि त्या माणसाचं वय सत्तरीच्या पुढे असतं. ‘हा तबला कुणाचा?’ हे सांगू शकणारे तेच शेवटचे असतात. डिस्कचा बॅकअप पुढच्या रविवारी घेतला तरी चालून जाईल, पण त्या आठवणीचा दुसरा कुठलाच बॅकअप नाही. त्यांच्याशेजारी बसून गाणी लावत जावं आणि फोनवर त्यांचं बोलणं भरून घ्यावं.

शेवटी, घरातल्या आणखी एका व्यक्तीला तरी कळू द्या की कुठली डिस्क कशाची आहे, दुसरी कुणाकडे आहे आणि क्लाउडचा पासवर्ड कुठे लिहिलाय. संग्राहक गेल्यावर काळ्या रंगाची, लेबल नसलेली एक पेटी भंगारात जायला वेळ लागत नाही. डिस्कवर एक चिकटपट्टी लावून ‘गाणी, पुसू नये’ एवढं लिहिलं तरी ती वाचण्याची शक्यता वाढते. याला टेराबाइट लागत नाहीत आणि संग्रह पूर्ण होण्याची वाटही बघावी लागत नाही.